एसएसएचची ‘होस्टची ओळख बदलली’ वॉर्निंग पुन्हा पुन्हा येते? फिंगरप्रिंट कुठून काढायचं, कशाशी ताडायचं

लक्षण असं. इंदूरच्या सियागंजातल्या पेढीच्या माडीवर हिशेबाचा लिनक्स सर्व्हर आहे आणि विजयनगरच्या ऑफिसातून त्याला एसएसएचनं, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या साधनानं, जोडायचं असतं. महिनाभर काही अडत नाही. मग वीज जाते, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनलात ‘ॲट’च्या चिन्हांची चौकट आणि मोठ्या अक्षरांत ओरड: ‘वॉर्निंग: रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’. कोणीतरी जुनी नोंद उडवतं, ‘येस’ ठोकतं, काम पुढे सरकतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. काही ऑफिसांत तर हे ‘येस’ नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवून टाकतात.

वॉर्निंग खोटी नसते. तुमच्याकडे नोंदलेली पब्लिक की (मशीनची जगाला दाखवायची ओळख; तिची जोडीदार प्रायव्हेट की मशीन स्वतःजवळ लपवून ठेवतं) आणि समोरच्या मशीननं आत्ता दाखवलेली पब्लिक की वेगळ्या आहेत, एवढंच ती सांगते. का वेगळ्या, ते तिला कळत नाही. मध्ये कोणी बसलेला असेल, नाहीतर तुमचंच दुसरं मशीन त्या पत्त्यावर आलं असेल. निवाडा फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी ओळखखूण, ताडूनच होतो, आणि ताडायचं ते वेगळ्या वाटेनं हाती आलेल्या फिंगरप्रिंटशी. ज्या जोडणीबद्दल शंका आहे तिच्यावरूनच आलेला पुरावा धरता येत नाही.

कमांडा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलात अर्थातच रोमन अक्षरं टाकायची. ऑप्शनचं अक्षर लहान समजावं, कॅपिटल हवं तिथे तसं म्हटलं आहे. हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे: लहान एफ म्हणजे फाइल, कॅपिटल एफ म्हणजे नोंद शोध. आणि ‘-एल’ हे एल अक्षर आहे, एकचा आकडा नाही. मशीनचं नाव उदाहरणापुरतं ‘राजवाडा’.

सर्व्हरचं खरं फिंगरप्रिंट

सर्व्हरसमोर बसून, म्हणजे त्याच्याच कीबोर्ड-मॉनिटरवर किंवा क्लाउडच्या कन्सोलवर, हे चालवा:

एसएसएच-कीजेन -एल -एफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

पब फाइल सर्वांना वाचता येते, त्यामुळे सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लागत नाही. उत्तर एका ओळीत येतं आणि त्याचे चार भाग असतात. आधी बिट्स, कीच्या प्रकारानुसार: ईडी२५५१९साठी २५६, आरएसएसाठी बहुधा २०४८, ३०७२ किंवा ४०९६. मग ‘एसएचए२५६’, विसर्गासारखं कोलन आणि लगेच ४३ अक्षरं. मग कमेंट, साधारणपणे ‘रूट@राजवाडा’ अशी. शेवटी कंसात प्रकार. एका सर्व्हरला बहुधा तीन होस्ट की, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळखीच्या की, असतात, आरएसए, ईसीडीएसए आणि ईडी२५५१९, आणि तिन्हींची फिंगरप्रिंटं वेगळी. निम्मे ‘जुळत नाही’वाले इथेच घसरतात: सर्व्हरवरून आरएसएचं काढतात आणि वॉर्निंगमधल्या ईडी२५५१९शी लावून पाहतात. वॉर्निंगच्या मजकुरात प्रकार लिहिलेला असतो, आधी तो वाचावा. तिन्ही फाइलींची फिंगरप्रिंटं एकदाच काढून कागदावर छापून सर्व्हरच्या कपाटात चिकटवली, तर पुढची वर्षं ती वाट मोकळी राहते. हे गुपित नसतं. फिंगरप्रिंट जगानं पाहिलं तरी चालतं.

सर्व्हर क्लाउडवर असेल तर पहिल्या बूटच्या वेळी क्लाउड-इनिट हीच फिंगरप्रिंटं कन्सोलच्या लॉगमध्ये छापतं. पॅनेलमध्ये लॉगिन करून तो लॉग उघडला की एसएसएचला हात न लावता हवं ते मिळतं.

४३ अक्षरं का, हे कळलं की पुढचे घोळ आपोआप ओळखू येतात. पब्लिक कीच्या फाइलीत मधला लांब तुकडा बेस६४ असतो. तो उलगडून जे बाइट मिळतात त्यांचा एसएचए२५६ हॅश म्हणजे फिंगरप्रिंट. हॅश ३२ बाइटचा, बेस६४मध्ये तो ४४ अक्षरांचा होतो, शेवटचं बरोबरचं चिन्ह टाकून देतात, उरली ४३. कमेंट या हिशेबात नसते, म्हणून कमेंट बदलली तरी फिंगरप्रिंट तेच राहतं. जुनी पद्धत एमडी५ची: दोन-दोन अंकांच्या १६ जोड्या, मध्ये कोलन. ओपनएसएसएचनं २०१५ साली ६.८ आवृत्तीत डिफॉल्ट बदलून एसएचए२५६ केला. पुट्टी या विंडोजवरच्या एसएसएच प्रोग्रॅमनं तोच बदल २०२१मध्ये ०.७५ला केला. त्यामुळे जुन्या पुट्टीवर जोड्या दिसतात आणि सर्व्हरवर ४३ अक्षरं, आणि माणूस गोंधळतो. उपाय सरळ आहे. त्याच कमांडला कॅपिटल ई आणि पुढे ‘एमडी५’ जोडलं की सर्व्हरही १६ जोड्या देतो. तेवढी एक तुलना करून घ्यावी आणि पुट्टी अपडेट करून टाकावं.

तुमच्या बाजूला काय नोंदलं आहे

एसएसएच-कीजेन -एल -एफ राजवाडा

इथला एफ कॅपिटल. नोन_होस्ट्स फाइलीत, म्हणजे ओळखीच्या मशीनच्या कींच्या नोंदवहीत, राजवाड्याच्या नावानं जेवढ्या ओळी आहेत तेवढ्या, ओळ क्रमांकासकट आणि फिंगरप्रिंटसकट दिसतात. फाइल एडिटरमध्ये उघडून शोधू नका. डेबियन आणि उबंटूवर नावं हॅश करून ठेवलेली असतात, त्या ओळी उभी रेघ, एक, उभी रेघ अशा सुरू होतात आणि डोळ्यांनी त्यांतून काही कळत नाही. पोर्ट २२ नसेल तर नाव चौकोनी कंसात, मग कोलन, मग पोर्ट असं द्यावं लागतं, आणि सगळं अवतरणात, नाहीतर शेल त्या कंसांचा भलताच अर्थ लावतं. ‘नोंद सापडतच नाही, पण वॉर्निंग तर येते’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हा पोर्टच असतो.

विंडोज १०च्या पुढच्या आवृत्त्यांत एसएसएच सोबतच येतं, तिथेही ह्याच कमांडा चालतात; फाइल यूझरच्या फोल्डरमधल्या ‘.एसएसएच’मध्ये असते. पुट्टी मात्र आपल्या नोंदी रजिस्ट्रीत ठेवतं, त्याला नोन_होस्ट्सशी देणंघेणं नाही. एका खिडकीत वॉर्निंग आणि दुसऱ्या खिडकीत शांतता, हे त्यामुळेच.

कीस्कॅनचा सापळा

इंटरनेटवर सगळीकडे हा तोडगा सापडतो:

एसएसएच-कीस्कॅन -टी ईडी२५५१९ राजवाडा | एसएसएच-कीजेन -एल -एफ -

शेवटची एकटी आडवी रेघ म्हणजे फाइलीऐवजी पाइपातून वाच. ही सोय ७.२ आवृत्तीपासून आहे. कमांड उत्तम आहे, लॉगिन न करता समोरच्याची होस्ट की आणून तिचं फिंगरप्रिंट दाखवते. पण ती आणते कुठून? त्याच वायरीवरून, त्याच राउटरमधून, त्याच पत्त्यावरून. मध्ये कोणी बसलेला असेल तर कीस्कॅनलाही तो आपलीच की देईल, आणि ती वॉर्निंगशी तंतोतंत जुळेल. जुळलं म्हणून निर्धास्त झालात, तर चोराला त्याच्याच तोंडून साव ठरवल्यासारखं झालं. कीस्कॅन कामाचं आहे ते ‘आत्ता या पत्त्यावर कोण बोलतंय’ हे पाहायला, आणि त्याचं उत्तर कपाटावरच्या कागदाशी ताडायला. नुसतं कीस्कॅनचं आउटपुट नोन_होस्ट्समध्ये ढकलणारी स्क्रिप्ट म्हणजे ‘येस’ ठोकण्याचंच स्वयंचलित रूप.

दुसरी वाट

पेढीवर कोणी जाणकार नसेल तर मुनीमकाकांना फोन लागतो. फोनवर ४३ अक्षरं वाचणं म्हणजे असं:

‘काका, एसएचए२५६च्या पुढचं वाचा, चार-चार अक्षरं.’
‘कॅपिटल के, स्मॉल क्यू, सात, अधिकचं चिन्ह.’
‘सात का टी?’
‘सातच. पुढे एक उभी रेघ आहे बघ, आय असेल नाहीतर एल.’

इथेच गाडी अडते. बेस६४मध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात, आणि बऱ्याच फॉन्टांत कॅपिटल आय, लहान एल आणि एक सारखेच दिसतात. ओ आणि शून्याचंही तसंच. मग कंटाळून ‘पहिली तीन आणि शेवटची तीन जुळली ना, झालं तर’ असं ठरतं. तसं करू नये. एक बेस६४ अक्षर म्हणजे ६ बिट. ठरावीक सहा जागा जुळवायला फार तर ३६ बिट लागतात, आणि त्यासाठी लागतील तेवढ्या की पाडून पाहणं चिकाटीच्या माणसाला आजच्या मशीनवर अशक्य नाही. हल्ला करणाराही पहिली आणि शेवटचीच अक्षरं जुळवतो, कारण माणसं तीच पाहतात हे त्याला माहीत असतं.

वाचण्यापेक्षा चिकटवणं बरं. काकांनी कन्सोलवर दिसणारी ओळ तुमच्या ओळखीच्या नंबरावरून व्हॉट्सॲपला मजकूर म्हणून पाठवली, फोटो म्हणून नव्हे, की तुमच्याकडे कॉपी करता येते. व्हॉट्सॲप तारांकन आणि अंडरस्कोरचं ठळक-तिरपं करून मजकूर बिघडवतं, पण साध्या बेस६४मध्ये ही दोन्ही चिन्हं नसतातच, त्यामुळे फिंगरप्रिंट सुखरूप पोचतं. आता जोडणी करताना एसएसएच ‘येस, नो किंवा फिंगरप्रिंट’ असं विचारतं तिथे ‘येस’ न लिहिता ‘एसएचए२५६’सकट अख्खं फिंगरप्रिंट चिकटवा, पण तेवढंच; ओळीतले बिट्स, कमेंट आणि प्रकार नकोत. ओपनएसएसएच ८.०, म्हणजे २०१९पासून हे चालतं. एक अक्षर जरी चुकलं तरी ते पुढे जात नाही, पुन्हा विचारतं. प्रकार मात्र तोच हवा जो प्रॉम्प्टमध्ये दाखवला आहे.

एक गोष्ट लक्षात असू द्या: नोंद आधीच असेल आणि होस्ट की बदलली असेल तर हा प्रश्न येतच नाही, जोडणी सरळ नाकारली जाते. म्हणून क्रम असा. आधी दुसऱ्या वाटेनं फिंगरप्रिंट मिळवा. वॉर्निंगमध्ये दिसणाऱ्याशी ताडा. जुळलं तरच एसएसएच-कीजेनला कॅपिटल आर आणि मशीनचं नाव देऊन जुनी नोंद काढा. आधीची फाइल ‘नोन_होस्ट्स.ओल्ड’ म्हणून शिल्लक राहते. मग नव्यानं जोडून तेच फिंगरप्रिंट चिकटवा. न जुळल्यास नोंद तशीच ठेवा आणि पासवर्ड कुठेही टाकू नका.

‘व्हिज्युअल होस्ट की’ चालू केल्यावर दिसणारं ते नक्षीचं चित्र, १७ रकाने आणि ९ ओळींचं, रोजच्या मशीनवर बदल चटकन नजरेत भरायला बरं आहे. पुरावा म्हणून पुरेसं नाही.

पुन्हा पुन्हा का येते

फिंगरप्रिंट जुळलं, नोंद बदलली, तरी पंधरवड्यानं वॉर्निंग परत आली, तर कारण शोधावंच लागेल. सगळ्यात जास्त वेळा दोष राउटरचा असतो. पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या मशीनकडे वळवणारा नियम, १९२.१६८.१.२०कडे लावलेला असतो, पण सर्व्हरला पत्ता डीएचसीपीनं, म्हणजे राउटर आपोआप देईल तो, मिळतो. वीज आल्यावर सर्व्हर बूट होईपर्यंत बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी) आधी उठतो आणि .२० त्याला मिळतो. नॅसमध्येही एसएसएच असतं, त्याची होस्ट की वेगळी, आणि तुम्ही ‘येस’ म्हटलं की सर्व्हरचा पासवर्ड नॅसला देऊन मोकळे. ओळखायची खूण: सर्व्हरच्या कागदावरचं फिंगरप्रिंट बदललेलंच नसतं, वॉर्निंगमधलं दुसऱ्याच मशीनशी जुळतं. राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला .२० राखून ठेवा, नॅसला वेगळा. वॉर्निंग तिथेच थांबते.

ऑफिसातल्याच नेटवर्कवर पत्ते फिरत असतील आणि राउटरला हात लावता येत नसेल, तर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत त्या मशीनपुढे ‘होस्टकीअलायस राजवाडा’ लिहा. मग नोंद पत्त्यावर न राहता त्या नावावर राहते, आयपी कितीही बदलला तरी.

दुसरं कारण फेरइन्स्टॉल. ओएस नव्यानं टाकली की होस्ट की नव्या बनतात. टाकण्याआधी /ईटीसी/एसएसएचमधल्या ‘एसएसएच_होस्ट_’नं सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली काढून ठेवा, नंतर जागेवर ठेवून मालक रूट, प्रायव्हेट फाइलींची परवानगी ६०० करा आणि सेवा रीस्टार्ट करा. त्या पेन ड्राइव्हला मात्र कुलूप हवं, कारण त्यात सर्व्हरची ओळखच आहे. डॉकरमध्ये इमेज बिल्ड होताना होस्ट की बनत असेल तर प्रत्येक बिल्डला वॉर्निंग येणारच. होस्ट की व्हॉल्यूमवर ठेवाव्यात.

याच्या उलट दुखणं क्लोनचं. एकाच व्हर्च्युअल मशीनच्या दहा प्रती काढल्या की दहांची होस्ट की एकच. वॉर्निंग कधीच येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. एका प्रतीची प्रायव्हेट की ज्याच्या हाती, तो बाकी नवांचं सोंग घेऊ शकतो. प्रतींची फिंगरप्रिंटं शेजारी ठेवून पाहा. सारखी निघाली तर प्रत्येकीवर जुन्या होस्ट की काढून एसएसएच-कीजेनला कॅपिटल ए देऊन नव्या बनवा.

मग नोंदींचे घोळ. नाव हॅश केलेलं असेल तर मशीनचं नाव आणि त्याचा आयपी या दोन वेगळ्या ओळी असू शकतात. नावाची काढली, आयपीची राहिली. कॅपिटल आर दोन्हींसाठी चालवा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) रात्री चालणारा आरसिंक, म्हणजे फाइली उतरवणारा प्रोग्रॅम, ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ म्हणून पडतो, पण तुम्ही हातानं चालवलं की चालतो, तेव्हा क्रॉन रूटच्या नावानं चालत असतो आणि रूटची नोन_होस्ट्स वेगळी असते. एका नावामागे दोन सर्व्हर आलटून पालटून उत्तर देत असतील तर दोघांच्याही ओळी त्याच नावानं फाइलीत राहू द्या. एसएसएचला एका नावाच्या अनेक ओळी चालतात, कुठलीही एक जुळली की झालं.

कधी बदल खरोखरच समोरून होतो. गिटहबनं २४ मार्च २०२३ला आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण जुनी प्रायव्हेट की थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. ईडी२५५१९ आणि ईसीडीएसए तशाच ठेवल्या. ज्यांच्या नोंदीत आरएसए होती त्यांनाच वॉर्निंग आली. अशा वेळी दुसरी वाट म्हणजे त्यांच्या संकेतस्थळावर एचटीटीपीएसनं छापलेली फिंगरप्रिंट यादी.

‘स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग नो’ हा रामबाण म्हणून सांगितला जातो. तो लावू नका. गंमत म्हणजे तो लावूनही बदललेल्या होस्ट कीवर पासवर्डनं लॉगिन होत नाही, एसएसएच स्वतःच पासवर्डची वाट बंद करतं, आणि मग ‘परमिशन डिनाइड’च्या नावानं वेगळीच शोधाशोध सुरू होते. सोय हवीच असेल तर ७.६पासून ‘ॲक्सेप्ट-न्यू’ आहे: नवं मशीन न विचारता नोंदतं, बदललेलं मात्र अडवतं.

लॉगिनच्या कीचं फिंगरप्रिंट

आता माणसाच्या कीकडे. ‘माझी की सर्व्हरवर टाकली आहे, तरी घेत नाही’ याचा छडाही फिंगरप्रिंटनंच लागतो. तुमच्या एजंटमध्ये, म्हणजे की हाताशी धरून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काय भरलं आहे ते ‘एसएसएच-ॲड -एल’ दाखवतं. सर्व्हरवर ऑथराइझ्ड_कीज (कोणाकोणाच्या कीला आत येऊ द्यायचं त्या यादीच्या) फाइलीवर एसएसएच-कीजेन -एल -एफ चालवा, प्रत्येक ओळीचं फिंगरप्रिंट मिळेल. दोन्ही याद्यांत एकही सारखं नसेल तर परवानग्या तपासत बसण्यात अर्थ नाही, कीच चुकीची आहे.

प्रायव्हेट फाइलीचं फिंगरप्रिंट काढताना एक फसगत होते. काही आवृत्त्या शेजारची पब फाइल वाचून उत्तर देतात, आणि ती जुनी उरलेली असेल तर उत्तर भलत्याच कीचं. खात्री हवी तर प्रायव्हेटमधूनच पब्लिक काढायला लावा:

एसएसएच-कीजेन -वाय -एफ फाइल | एसएसएच-कीजेन -एल -एफ -

पासफ्रेज असेल तर विचारेल. ‘इज नॉट अ पब्लिक की फाइल’ असं उत्तर आलं तर फाइल बहुधा पुट्टीची पीपीके असते, किंवा मेलमधून चिकटवताना लांब ओळ तुटून दोन झालेली असते. पब्लिक की एका ओळीतच हवी.

ॲमेझॉनच्या ईसी२ पॅनेलवरचं फिंगरप्रिंट जुळत नाही म्हणून घाबरू नका. त्यांनीच बनवलेल्या आरएसए कीसाठी तिथे प्रायव्हेट कीचा एसएचए१ दाखवतात, २० जोड्यांचा. तुम्ही अपलोड केलेल्या आरएसएसाठी एमडी५, १६ जोड्या, पण तोही पब्लिक कीच्या वेगळ्या मांडणीवर काढलेला, त्यामुळे एसएसएच-कीजेनच्या एमडी५शीसुद्धा जुळत नाही. जोड्या मोजल्या की कुठला प्रकार ते कळतं. २० असतील तर पीईएम फाइल ‘ओपनएसएसएल पीकेसीएस८’नं डीईआरमध्ये बदलून तिचा एसएचए१ काढा, तो जुळेल.

आणि सर्व्हरवर कोण शिरलं ते पाहायचं तर डेबियन-उबंटूवर बहुधा /व्हार/लॉग/ऑथ.लॉग, रेडहॅट घराण्यात /व्हार/लॉग/सिक्युअर. ‘ॲक्सेप्टेड पब्लिक की’ या ओळीत यूझर, आयपी, पोर्ट आणि शेवटी त्या कीचं एसएचए२५६ असतं. पाच जण एकाच ‘ॲडमिन’ खात्यानं येत असले तरी फिंगरप्रिंटवरून माणूस ओळखता येतो, फक्त कोणाचं कुठलं याची यादी आधी करून ठेवलेली हवी. यादीबाहेरचं दिसलं तर ऑथराइझ्ड_कीजमधली ती ओळ काढा. पण ओळ काढल्यानं आधीच सुरू असलेलं सत्र तुटत नाही. ‘हू’ चालवून ते शोधा आणि त्याची एसएसएचडी प्रोसेस वेगळी मारा.